मोमियाईपासून किडनीपर्यंत

मुंबईत १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात प्लेग आला. मांडवी भागातील पहिला रोगी ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी. रोग्यांना आर्थर रोडच्या इस्पितळात हलविणे सुरू झाले आणि त्याबरोबर शहरात एक बोलवा उठली. इस्पितळात नेलेला माणूस रोगाने मरत नाही, त्याला तेथे मारतात आणि त्याच्या देहातून मोमियाई काढतात! २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालून गेले.

मोमियाई हा शब्द आजच्या मुलांना ठाऊक नाही. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना तो ठाऊक होता. फारसीतून आलेला हा शब्द मुळात हकिमांच्या औषधाचा. मोडलेल्या हाडावर आणि मुकामारावर द्यायचा एक काळा, डिंकासारखा पदार्थ. पण लोकांच्या तोंडी त्याची भलतीच कथा झाली होती. माणसाला उलटे टांगतात, खाली आग पेटवतात आणि त्याच्या डोक्यातून जो रस गळतो त्याची मोमियाई होते, अशी ती समजूत. संध्याकाळी घराबाहेर रेंगाळणाऱ्या पोरांना या कथेचा धाक घातला जाई. प्लेगच्या दिवसांत तीच कथा इस्पितळाच्या दारात येऊन उभी राहिली.

त्या कामगारांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस ते पटत नाही. सरकार परके होते. त्याची भाषा परकी, डॉक्टर परके, औषध परके. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांना घरात शिरण्याचा, रोग्याला उचलून नेण्याचा, सामान जाळण्याचा अधिकार मिळाला. पुण्यात गोरे सोजीर घरांत घुसले. ज्या प्रजेला मत नाही, कौन्सिलात आवाज नाही, अर्ज केला तर उत्तर नाही, तिच्या हातात काय उरते? कानातून कानात जाणारी बातमी उरते. मोमियाईची गोष्ट खोटी होती, परंतु 'हे सरकार आपल्याला माणूस समजत नाही' ही तिच्या पोटातली शंका अगदीच निराधार नव्हती. इतिहासकाराने अफवेचे दोन्ही भाग वाचले पाहिजेत, वरचा खोटा आणि आतला खरा.

या प्लेगच्या इतिहासात आपल्या समाजाची दोन पाने आहेत. पहिले मदनपुऱ्याचे. ९ मार्च १८९८ रोजी प्लेगची तपासणी करणारे पथक तेथील मोमीन विणकरांच्या वस्तीत गेले. बारा वर्षांची एक मुलगी आजारी होती. तिला नेऊ देण्यास वस्तीने नकार दिला. दंगल उसळली, गोळीबार झाला, माणसे मेली. उत्तर हिंदुस्थानातून पोटासाठी आलेली ही जुलाह्यांची बिरादरी. तिचेच भाऊबंद पुढे मालेगावात आणि भिवंडीत मागावर बसले. मालेगाव ध्यानात असू द्यावे, पुढे त्याचे काम आहे.

दुसरे पान आगाखानांचे. ओडेशाचे ज्यू शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक तिला भीत होते. लशीत काय काय घातले आहे याच्याही कथा निघाल्या होत्या. तेव्हा तिसरे आगाखान हे जेमतेम विशीतले तरुण. त्यांनी आपल्या अनुयायांदेखत दंड पुढे केला. हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. मग हजारो खोजांनी लस घेतली. आगाखानांनी अफवेविरुद्ध पत्रके वाटल्याचे आमच्या वाचनात नाही. त्यांनी आपले नाव आणि आपले शरीर त्या बातमीमागे उभे केले. 'ही लस निर्धोक आहे' ही बातमी सांगणारा कोण, हे प्रत्येकाला दिसत होते.

बातमी सांगणारा कोण? या लेखात आम्हांला एवढ्याच प्रश्नाचा माग काढावयाचा आहे.

सांगणारा नसलेल्या बातमीचे आपल्या देशातले सर्वात गाजलेले उदाहरण १८५७ च्या आरंभीचे आहे. उत्तर हिंदुस्थानात गावोगाव चपात्या फिरू लागल्या. एका गावचा चौकीदार दुसऱ्या गावच्या चौकीदाराला चपाती देई. त्याने तशाच आणखी करून पुढच्या गावांना पोचवायच्या. कशासाठी, ते देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यालाही. इंग्रज अधिकारी चक्रावले. काहींना कटाचा वास आला, काहींना रोगाचा उतारा वाटला. आजतागायत इतिहासकारांचे एकमत नाही. मजकूर नाही, सही नाही, फक्त 'पुढे पाठवा' एवढाच हुकूम. आज मोबाईलवर दिवसातून दहादा येणाऱ्या संदेशांशी हिचे नाते आमच्या विद्यार्थ्यांनी आम्ही न सांगताच ओळखले!

यानंतर दहा वर्षांनी, १८६७ मध्ये, इंग्रज सरकारने छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण हवे. वर्तमानपत्रावर प्रकाशकाचेही हवे. पुढे १९२२ मध्ये संपादकाचे नावही सक्तीचे झाले. हेतू उघड होता. एतद्देशीय पत्रांवर पाळत ठेवावयाची आणि वेळ आली की कोणाला पकडावयाचे ते आधी माहीत असावयाचे. कायदा जुलमी हातांनी केला, यात शंका नाही. पण त्यातून एक रीत पडली. छापील शब्दाला धनी असतो. टिळक १८९७ मध्ये 'केसरी'तील मजकुरासाठी तुरुंगात गेले. मौलाना आझादांच्या 'अल-हिलाल'चा जामीन जप्त झाला आणि १९१४ मध्ये ते पत्र बंद पडले. हसरत मोहानींचे उदाहरण तर आमच्या मते उर्दू पत्रकारितेचा मुकुटमणी आहे. त्यांच्या 'उर्दू-ए-मुअल्ला'त १९०८ मध्ये इंग्रजांच्या मिसरमधील धोरणावर एक निनावी लेख आला. सरकारने लेखकाचे नाव मागितले. हसरतांनी ते दिले नाही, जबाबदारी स्वतःची म्हणून सांगितली आणि ते सक्तमजुरीला गेले. लेख निनावी होता, पण बेवारस नव्हता.

याच रीतीवर आपली लोकशाही उभी राहिली. पन्नास साली घटनेने प्रत्येक प्रौढ माणसाला मत दिले, भाषणस्वातंत्र्य दिले. उमेदवाराविषयी जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. मत देणाऱ्याला खरी माहिती मिळेल आणि खोटी देणाऱ्याला कोठेतरी जाब द्यावा लागेल, हे या सगळ्यात गृहीत आहे. वर्तमानपत्रे खोटे छापीत नसत असे नव्हे. चांगलीच छापीत, आणि आपल्या समाजाइतका त्याचा अनुभव क्वचितच कोणाला असेल. पण खोटे छापणाऱ्याचे नाव शेवटच्या पानाच्या तळाशी असे. त्याच्यावर खटला भरता येई, त्याला खुलासा पाठविता येई, निदान त्याच्या कचेरीवर मोर्चा नेता येई.

२००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमाने मध्यस्थ कंपन्यांना, काही अटींवर, लोकांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून मोकळे केले. टपाल खात्याला पत्रातील मजकुरासाठी कोणी धरीत नाही, त्यातलाच हा न्याय. त्या वेळी तो वाजवी होता. मग २०१६ च्या सप्टेंबरात स्वस्त इंटरनेट आले आणि २०१७ च्या आरंभी देशात व्हॉट्सअॅप वापरणारांची संख्या वीस कोटींवर गेली. ज्या घरात कधी वर्तमानपत्र आले नव्हते त्या घरात एकदम मोबाईल आला. चपाती परत फिरू लागली, आणि तीही पहाट होण्याआधी हजार गावांत.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे पाच जण तेथे आले. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे हे लोक भिक्षा मागत गावोगाव हिंडतात, पिढ्यान्पिढ्या हिंडत आले आहेत. त्यांच्यातील एक जण एका लहान मुलीशी बोलला असे म्हणतात. 'पोरे पळविणारी टोळी' अशी हाकाटी झाली. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारण्यात आले. पाचही जण मेले.

त्याआधी कित्येक आठवडे या भागात मोबाईलवर संदेश फिरत होते. मुले पळविणाऱ्या टोळ्या उतरल्या आहेत, मुलांच्या किडन्या काढतात, असा मजकूर. सोबत ओळीने मांडलेल्या मृत मुलांची छायाचित्रे. ती मुले सीरियातली होती, २०१३ च्या विषारी वायूच्या हल्ल्यात मेलेली. दुसरी एक चित्रफीत देशभर फिरत होती. त्यात मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणारे पोर उचलून नेताना दिसतात. ती कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम तयार केली होती. मूळ चित्रफितीच्या शेवटी ते मोटारसायकलस्वार मुलाला परत आणून सोडतात आणि जनजागृतीचा फलक दाखवितात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. त्या कापणाऱ्याचे नाव आजही कोणाला माहीत नाही.

मोमियाई आणि किडनी! मधे एकशे वीस वर्षे, शाळा, दवाखाने, प्रजासत्ताक आणि अठरा लोकसभा निवडणुकांपैकी सोळा. तरी कथा तीच. माणसाच्या देहातून काहीतरी काढून विकणारा कोणी परका गावात शिरला आहे.

त्याच दिवशी रात्री मालेगावात काय झाले ते फारसे सांगितले जात नाही. बाहेरगावाहून आलेले, लहान मुलासह पाच जणांचे एक कुटुंब तेथे जमावाच्या तावडीत सापडले. आरोप तोच. जमाव वाढत गेला. स्थानिक लोकांपैकी काहींनी त्या कुटुंबाला एका घरात नेऊन दार लावून घेतले. पोलीस आले, मोठ्या मुश्किलीने त्यांना बाहेर काढण्यात आले आणि पाचही जण वाचले. मालेगाव आपले शहर आहे. मारायला उठलेले आपल्यातले होते आणि दार लावून घेणारेही आपल्यातलेच होते. राईनपाडा आणि मालेगाव यांत अंतर होते ते तेवढ्या एका दाराचे. तंत्रज्ञानाविषयी लिहिताना हे दार विसरून चालणार नाही.

राईनपाड्याची अफवा, निदान दिसायला तरी, आपोआप पिकलेली. भीतीतून उगवली आणि भीतीने वाढली. परंतु कंडी पिकते तशी पिकविलीही जाते. १८९६ ची बोलवा खालून वर, प्रजेकडून राज्यकर्त्याकडे गेली होती. दुबळ्यांचे ते हत्यार होते. गेल्या दहा-बारा वर्षांतील पुष्कळशा अफवांचा प्रवाह उलट दिशेने वाहतो. ज्यांच्याकडे पैसा, माणसे आणि संघटना आहेत ते त्या तयार करतात, आणि ज्याच्याविषयी त्या असतात तो बहुधा दुबळाच असतो. १८९६ च्या कामगाराला मत नव्हते, आजच्या वाचकाला आहे. म्हणूनच त्याच्या कानाला आज इतकी किंमत आली आहे.

२०१३ च्या ऑगस्टअखेर मुझफ्फरनगर भागात एक चित्रफीत फिरली. जमाव दोन तरुणांना ठार मारतो आहे, असे तिच्यात दिसे. कवाल गावात मारल्या गेलेल्या दोघा तरुणांची म्हणून ती दाखविली गेली. प्रत्यक्षात ती पाकिस्तानातील सियालकोटची, २०१० ची होती. कवालमध्ये खून झाले होते हे खरे. आधी एक मुस्लिम तरुण आणि मग ते दोघे मारले गेले. खऱ्या जखमेवर खोटे मीठ टाकले गेले. साठांहून अधिक माणसे मेली आणि सुमारे पन्नास हजार बेघर झाली. त्यानंतर काही महिन्यांतच लोकसभेची निवडणूक झाली. गावे धर्माप्रमाणे वेगळी झालेली होती, मतेही तशीच पडली.

पुण्याची गोष्ट अधिक जवळची. २०१४ च्या मे अखेरीस छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर आली. शहरात दगडफेक झाली, बसगाड्या फुटल्या. २ जून रोजी रात्री हडपसर येथे नमाज पढून घरी परतणाऱ्या, सोलापूरहून नोकरीसाठी आलेल्या एका संगणक क्षेत्रातील तरुणाला मारून टाकण्यात आले. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्याला दाढी होती, डोक्यावर टोपी होती. २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या न्यायालयाने सर्व आरोपींना पुराव्याअभावी सोडले. त्याला कोणी मारले याचे उत्तर सरकारी दप्तरात आज नाही.

ब्रह्मदेशात तर याचा कहर झाला. रोहिंग्यांविरुद्ध द्वेष पसरविण्यात फेसबुकचा मोठा वाटा होता, असे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ मध्ये सांगितले आणि आपण पुरेसे केले नाही हे कंपनीनेही त्याच वर्षी मान्य केले. तोवर सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळून गेली होती.

२०२० चा मार्च-एप्रिल आपल्यापैकी कोणी विसरणार नाही. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजात मार्चच्या मध्यास तबलीगी जमातचा इज्तिमा झाला होता. महिनाअखेर तेथील लोकांना कोरोना झाल्याचे उघड झाले. साथीच्या दिवसांत इतकी माणसे एका इमारतीत राहणे हे आमच्या मते चुकीचेच होते आणि त्याची चौकशी होणेही रास्त होते. पण पुढे जे झाले ती चौकशी नव्हती. 'कोरोना जिहाद' हा शब्द बनविण्यात आला आणि काही दिवसांत तो लाखो ठिकाणी फिरला. त्याच्याबरोबर चित्रफिती. दाऊदी बोहरा मंडळी ताटातील अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून ताट चाटून स्वच्छ करतात, त्याची जुनी चित्रफीत 'रोग पसरविण्यासाठी भांडी चाटताना' म्हणून दाखविली. दर्ग्यातील जिक्रमध्ये श्वासाचा जो नाद होतो तो 'मुद्दाम शिंकणे' ठरला. मुंबईत फेब्रुवारीत एक कच्चा कैदी पोलिसावर थुंकला होता, ती फीत निजामुद्दीनच्या रोग्याची म्हणून चालली. वृत्तवाहिन्यांनी यात तेल ओतले. ज्यांची नावे, पत्ते, परवाने सगळ्यांना माहीत आहेत अशा वाहिन्यांनी निनावी खोट्याला आपला चेहरा दिला, ही त्या वर्षाची आम्हांस सर्वात भीषण वाटणारी गोष्ट. वसाहतींच्या फाटकावर भाजीवाल्यांना नावे विचारली जाऊ लागली. ज्याचे नाव अमुक तऱ्हेचे तो हातगाडी घेऊन परत गेला.

लोकशाहीवर याचा परिणाम काय, असे कोणी विचारले तर आम्ही ही हातगाडी दाखवू. निवडणुकीच्या दिवशी मतपेटीत काय पडते तेवढीच लोकशाही नसते. रस्त्यावर दोन अनोळखी नागरिक एकमेकांशी व्यवहार करू शकतात, हीही लोकशाहीच आहे. तो व्यवहार तुटला की मत कशाच्या आधारे दिले जाणार ते वेगळे सांगायला नको.

अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, या जमातीच्या विदेशी पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी २९ विदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. न्या. नलावडे आणि न्या. सेवलीकर यांच्यापुढे हे प्रकरण होते. छापील आणि दृश्य माध्यमांनी या लोकांविरुद्ध मोठा प्रचार केला, साथीच्या वेळी सरकारला बळीचा बकरा लागतो आणि या विदेशी लोकांना तसे निवडले गेले असण्याची शक्यता दिसते, असा त्या निकालपत्राचा आशय आहे. आपल्या वाचकांनी ते निकालपत्र मुळातून वाचावे अशी आमची विनंती आहे.

येथवर आम्ही दुसऱ्यांनी पिकविलेल्या कंड्या मोजल्या. आता आपल्या घरातल्या.

पोलिओचे थेंब पाजल्याने मुले पुढे नामर्द होतात, ही कथा आपल्या वस्त्यांत वर्षानुवर्षे चालली. २००६ साली देशात पोलिओचे ६७६ रोगी आढळले. बहुतेक उत्तर प्रदेशातले आणि त्यांत मुस्लिम मुलांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार मोठे. पांगळी झाली ती आपली मुले. मग उलेमा पुढे आले, मशिदींतून पुकारा झाला, जामिया मिल्लिया आणि अलीगढ विद्यापीठाची माणसे दारोदार गेली. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे शेवटचा रोगी नोंदला गेला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. लोकांनी ऐकले ते ओळखीच्या चेहऱ्यांचे. आगाखानांचीच युक्ती ती.

तरीही २७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम शाळांतून सुरू झाली तेव्हा तीच नामर्दीची कथा, या खेपेस ध्वनिफितीच्या रूपाने, पालकांच्या मोबाईलवर पोचलेली होती. आमच्या शाळेत त्या दिवशी हजेरी निम्म्याहून कमी. आम्ही शिक्षकांनी पालकांना बोलावून विचारले, 'ही फीत कोणाची? हा बोलणारा डॉक्टर कुठल्या गावचा?' उत्तर एकच, 'सर, ग्रुपमध्ये आली.' एका बाईंनी मात्र उलट विचारले, 'सर, तुमच्या मुलाला दिली का?' हा प्रश्न आम्हांस योग्य वाटला. दिली होती, तसे सांगितले, आणि त्यांनी फॉर्मवर अंगठा दिला.

'ग्रुपमध्ये आली' हे उत्तर आपल्या समाजाने द्यावे याचे दुःख अधिक. कारण बातमी तपासण्याचे शास्त्र ज्यांनी रचले त्यांचे आपण वारस म्हणवतो. उहुदच्या रणांगणावर हुजूर (स.) शहीद झाल्याची हूल उठली आणि कित्येकांनी हातची शस्त्रे टाकली. बनू मुस्तलिक कबिल्याने जकात नाकारल्याची खोटी खबर मदिन्यात आली आणि त्यांच्यावर फौज निघण्याची वेळ आली. त्या प्रसंगाला धरूनच सूरह हुजुरातमध्ये खबर आधी पारखून घेण्याचा हुकूम आला, असे मुफस्सिर सांगतात. हजरत आयेशा (रजि.) यांच्यावरील तोहमतीचा प्रसंग तर सर्वांना माहीत आहे. महिनाभर मदिना त्या कुजबुजीत होता. मुनाफिकांनी ती पेटविली, परंतु पुढे नेणाऱ्यांत चांगले, सच्चे मुसलमानही होते. शिक्षा त्यांनाही झाली.

पुढे हदीसच्या इमामांनी सनदेचे शास्त्र उभे केले. हदीस सांगणाऱ्याने आपण कोणाकडून ऐकले, त्याने कोणाकडून, ही साखळी मूळपर्यंत सांगितलीच पाहिजे. साखळीतील प्रत्येक रावी कोण, कुठला, स्मरणशक्ती कशी, चारित्र्य कसे, तो आपल्या गुरूला खरोखर भेटला होता काय, याची चरित्रे लिहिली गेली. इब्न हजर अस्कलानींचे 'तहजीबुत्तहजीब' बारा खंडांचे आहे. एक कडी निसटली तर हदीस जईफ. खोटा रावी सापडला तर मौजू. नूह बिन अबी मरियम नावाच्या एका विद्वानाची कथा या ग्रंथांत येते. लोक कुरआन सोडून इतर गोष्टींत रमले म्हणून त्याने निरनिराळ्या सूरहांच्या पुण्याईच्या हदीस स्वतः रचल्या. हेतू नेक होता! मुहद्दिसांनी तो हेतू ऐकून घेतला आणि त्याचे नाव खोटे रचणाऱ्यांच्या यादीत घातले. आज रोज सकाळी 'हा संदेश अकरा जणांना पाठवा, सवाब मिळेल' असे पाठविणारी नेक माणसे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. अमक्या देशात अमुक हजार लोकांनी एका दिवसात इस्लाम कबूल केला, तमक्या अंतराळवीराने चंद्रावर अजान ऐकली, हे सारे याच जातीचे. निरुपद्रवी वाटते. पण जो कान या बातमीला सनद विचारत नाही तो दंग्याच्या रात्री येणाऱ्या बातमीलाही विचारणार नाही.

उपाय म्हणून बरेच काही झाले. व्हॉट्सअॅपने २०१८ च्या जुलैत पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण टाकली आणि एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी जमावाच्या हत्यांबाबत प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमण्यास सांगितले. यांतील कोणत्याही उपायाने कराचीची चित्रफीत कापणारा सापडला नाही. सरकारने २०२३ मध्ये वेगळाच मार्ग काढला. केंद्र सरकारच्या कारभाराविषयी इंटरनेटवरील कोणती माहिती खोटी ते सरकारचेच एक पथक ठरवील, असा नियम केला. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मत विभागले. न्या. चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी तो नियम घटनाबाह्य ठरविला. आम्हांस हा निकाल महत्त्वाचा वाटतो. १८९७ मध्येही मुंबईत खरे काय ते सरकारच सांगत होते, आणि कोणी ऐकत नव्हते. खटल्यातील एक पक्षकार न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसला की त्याच्या खऱ्यावरही विश्वास बसत नाही. मधल्या काळात 'अल्ट न्यूज'सारख्या छोट्या संस्था रोज एकेक चित्रफीत घेऊन तिचे मूळ गाव शोधत राहिल्या. सनदेचेच काम हे. त्या संस्थेचे एक संस्थापक मोहम्मद जुबैर २०२२ च्या जून-जुलैत जुन्या ट्वीटवरून तीन आठवड्यांहून अधिक काळ कोठडीत होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला.

आता तर चित्रफीत कापण्याचीही गरज उरली नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आमिर खान यांचा चेहरा आणि आवाज यंत्राने बनवून त्यांच्या तोंडी राजकीय मजकूर घातला गेला. त्यांना पोलिसांत तक्रार करावी लागली. नट श्रीमंत आहे, प्रसिद्ध आहे, त्याचा खुलासा छापला जातो. हातगाडीवाल्याचा चेहरा असा वापरला गेला तर त्याने खुलासा कोठे पाठवावा?

निजामुद्दीनच्या प्रकरणातला एक धागा राहिला. विदेशी पाहुण्यांना मशिदीत आणि घरांत आसरा दिला म्हणून ७० भारतीयांवर दिल्लीत १६ गुन्हे नोंदले गेले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने १७ जुलै २०२५ रोजी ते सर्व रद्द केले. पाच वर्षे आणि काही महिने लागले. त्या आठवड्यात आम्ही ही बातमी न्यायालयाच्या नावासह आणि तारखेसह दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहिली. २०२० मध्ये ही मुले चौथी-पाचवीत होती. थुंकण्याची ती चित्रफीत आठवते का, असे विचारले. जवळजवळ सगळे हात वर झाले. फळ्यावरची बातमी कोणी ऐकली होती का, असे विचारले तेव्हा एकही हात वर आला नाही.